‘द न्यू नॉर्मल’ : दोन बाबा, एक बाळ आणि गोल्डी

‘न्यू नॉर्मल’ म्हटलं की आपल्याला २०२० आठवतं. मास्क, सॅनिटायझर, झूमवरचे वर्ग. पण त्याच्या आठ वर्षं आधी या नावाची एक विनोदी मालिका अमेरिकेत येऊन गेली होती. एनबीसी वाहिनीवर सप्टेंबर २०१२मध्ये ती सुरू झाली आणि २२ भागांनंतर एप्रिल २०१३मध्ये संपली. आज ती फारशी कुणाला आठवत नाही. मात्र तिचा पहिला भाग लागण्याआधीच तिच्यावर बंदी घालणारं एक शहर निघालं होतं.

ते शहर म्हणजे युटा राज्यातलं सॉल्ट लेक सिटी. अमेरिकेत एनबीसीसारख्या मोठ्या वाहिन्या प्रेक्षकांपर्यंत पोचतात त्या गावोगावच्या स्थानिक केंद्रांमार्फत. सॉल्ट लेक सिटीत हे काम केएसएल नावाचं केंद्र करत होतं, आणि त्याची मालकी मॉर्मन चर्चच्या कंपनीकडे होती. ऑगस्ट २०१२मध्ये केएसएलनं जाहीर केलं, की ही मालिका आम्ही दाखवणार नाही. ‘वन मिलियन मॉम्स’ या संघटनेनंही बहिष्काराची हाक दिली. पुढे त्याच शहरातल्या दुसऱ्या एका केंद्रानं ती दाखवली, म्हणजे ज्यांना बघायची होती त्यांनी बघितली. तरी प्रश्न उरतोच. अर्ध्या तासाच्या विनोदी मालिकेत इतकं घाबरण्यासारखं काय होतं?

गोष्ट साधीच होती

लॉस एंजेलिसमध्ये राहणारं एक जोडपं. ब्रायन टीव्ही निर्माता आहे, नटवा, कपड्यांचा शौकीन. डेव्हिड स्त्रीरोगतज्ज्ञ आहे, शांत, फुटबॉल बघणारा. दोघांना बाळ हवंय. त्यांना गोल्डी भेटते. ती ओहायोची. नवऱ्यानं फसवलं म्हणून शाळकरी मुलगी शनायाला घेऊन गाव सोडून आलेली. तिला वकील व्हायचंय, त्यासाठी पैसे हवेत. ती या दोघांसाठी बाळ वाढवायला तयार होते. पाठोपाठ तिची आजी जेन येऊन धडकते. तोंडाची फटकळ, विचारांनी कर्मठ, समोर दिसेल त्याचा अपमान करणारी. एलन बार्किननं ही आजी अशी रंगवली, की तिचं एकही म्हणणं पटत नसताना तिची वाट बघावीशी वाटे.

मालिका रायन मर्फी आणि अ‍ॅली अ‍ॅडलर या दोघांनी निर्माण केली. ‘ग्ली’मुळे मर्फीचं नाव तेव्हा गाजत होतं. तो स्वतः समलिंगी, आणि त्याला व त्याच्या नवऱ्याला सरोगसीतून मूल हवं होतं. मालिका सुरू असतानाच, डिसेंबर २०१२मध्ये, त्यांना मुलगा झाला. म्हणजे पडद्यावर गोल्डीचं पोट वाढत होतं, तेव्हा लेखकाच्या घरातही पाळण्याची तयारी चालली होती. मालिकेत जो हळवेपणा आहे, तो इथून आला असावा. आणि तिच्या एका मोठ्या उणिवेचं मूळही मला इथेच दिसतं. त्याकडे येऊच.

आधी केएसएलची भीती समजून घेऊ. त्यासाठी साठ वर्षं मागे जावं लागेल.

जो शब्द उच्चारता येत नव्हता

१९५२ साली अमेरिकेतली सगळ्यात लोकप्रिय विनोदी मालिका होती ‘आय लव्ह लूसी’. तिची नायिका ल्युसिल बॉल खरोखर गरोदर राहिली. आतापर्यंतचा रिवाज असा, की अशा वेळी नटीला टेबलामागे किंवा मोठ्या पर्समागे लपवायचं. बॉल आणि तिचा नवरा डेझी आर्नाझ यांनी ठरवलं, की लूसीलाही दिवस गेलेले दाखवायचे. सीबीएस वाहिनीनं परवानगी दिली, पण ‘प्रेग्नंट’ हा शब्द उच्चारायचा नाही, अशी अट घातली. मग एका भागाच्या नावात फ्रेंच शब्द वापरला गेला आणि संवादांत ‘एक्स्पेक्टिंग’ आलं. संहिता आधी एक कॅथलिक पाद्री, एक प्रोटेस्टंट पाद्री आणि एक ज्यू रब्बी वाचून बघत.

१९ जानेवारी १९५३ला लूसीच्या बाळंतपणाचा भाग लागला. त्याच दिवशी ल्युसिल बॉलनं सिझेरियननं मुलाला जन्म दिला. सुमारे ४ कोटी ४० लाख लोकांनी तो भाग बघितला. दुसऱ्या दिवशी आयझेनहॉवर यांचा अध्यक्षपदाचा शपथविधी होता, त्याला यापेक्षा कमी प्रेक्षक मिळाले.

नवराबायको, स्वतंत्र पलंग, रीतसर बाळ. एवढ्या सोवळ्या प्रसंगालाही तीन धर्मगुरू तपासायला लागले. अमेरिकन टीव्हीवरचं घर तेव्हापासून सार्वजनिक मामला आहे. कुणाला कुटुंब म्हणायचं, हा वाद तिथे संसदेत आणि कोर्टात होतो, तसाच रात्री आठच्या विनोदी मालिकेतही होतो.

१९९२मध्ये तर देशाचा उपाध्यक्षच या वादात उतरला. ‘मर्फी ब्राऊन’ ही एका यशस्वी टीव्ही पत्रकार बाईची मालिका. मे महिन्यात मर्फीला मूल झालं, लग्नाशिवाय. दुसऱ्याच दिवशी सॅन फ्रान्सिस्कोतल्या भाषणात उपाध्यक्ष डॅन क्वेल यांनी या पात्रावर टीका केली. एकटीनं मूल वाढवणं ही जणू जीवनशैलीची आवड आहे असं दाखवून ही बाई वडिलांचं महत्त्व कमी करते, असा त्यांचा सूर होता. पात्र काल्पनिक, टीका खरी. सप्टेंबरमध्ये मालिकेनं उत्तर दिलं. मर्फी आपल्या कार्यक्रमात तऱ्हतऱ्हेच्या घरांतली माणसं समोर आणते आणि कुटुंब अनेक प्रकारचं असतं, एवढंच सांगते.

१९९७मध्ये ‘एलन’ मालिकेच्या नायिकेनं आपण समलिंगी असल्याचं सांगितलं. त्याच सुमारास एलन डीजेनरस या अभिनेत्रीनं खऱ्या आयुष्यातही ते सांगितलं. तो भाग ४ कोटींहून जास्त लोकांनी बघितला. अलाबामातल्या बर्मिंगहॅम शहरातल्या केंद्रानं तो दाखवायचं नाकारलं, तेव्हा तिथल्या लोकांनी एक सभागृह घेतलं आणि उपग्रहावरून प्रक्षेपण मिळवून एकत्र बसून बघितला. सॉल्ट लेक सिटीचा प्रकार काही नवा नव्हता, हे यावरून कळावं. पुढच्या वर्षी ‘विल अँड ग्रेस’ आली. मे २०१२मध्ये उपाध्यक्ष जो बायडन एका मुलाखतीत म्हणाले, की समलिंगी लोकांबद्दल अमेरिकन जनतेला शहाणं करण्यात या मालिकेइतकं काम बहुधा कुणीच केलं नसेल. तीन दिवसांनी अध्यक्ष ओबामांनी समलिंगी विवाहाला जाहीर पाठिंबा दिला. एका उपाध्यक्षानं मालिकेवर टीका केली, वीस वर्षांनी दुसऱ्यानं मालिकेचे आभार मानले. केएसएलला कशाची भीती वाटत होती, ते इथे दिसतं. हसलेला माणूस नंतर तितक्या जोरात रागावू शकत नाही.

समुद्रकिनाऱ्यावरचं लग्न

‘द न्यू नॉर्मल’चं वर्ष या सगळ्याच्या ऐन मध्यावर पडतं. नोव्हेंबर २००८मध्ये कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी ‘प्रपोझिशन ८’ मंजूर करून समलिंगी विवाह बंद केला होता. त्या मोहिमेमागे मॉर्मन चर्च आणि त्याच्या अनुयायांचं मोठं बळ होतं. म्हणजे ज्या चर्चनं ब्रायन-डेव्हिडच्या राज्यातलं लग्न थांबवायला मदत केली, त्याच चर्चच्या केंद्रानं त्यांची गोष्ट पडद्यावर येऊ दिली नाही.

मालिका त्या काळाशी थेट बोलत होती. ऑक्टोबर २०१२मध्ये, अध्यक्षीय निवडणुकीच्या तोंडावर, ‘ओबामा मामा’ नावाचा भाग आला. एकाच घरात ओबामावाले आणि रॉम्नीवाले. जेन आजीच्या तोंडी ते सगळं होतं, जे सॉल्ट लेक सिटीतले लोक कदाचित म्हणाले असते. तिच्या बोलण्यावर आपण हसतो, पण तिला घराबाहेर काढलं जात नाही. विरोधकालाही जेवायच्या टेबलावर बसवायचं, ही मालिकेची युक्ती होती.

२६ मार्च २०१३ला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात ‘प्रपोझिशन ८’वर युक्तिवाद झाले. २ एप्रिलला मालिकेचा शेवटचा भाग लागला. ब्रायन-डेव्हिडच्या लग्नाचा दिवस उजाडतो आणि त्याच दिवशी गोल्डीला कळा सुरू होतात. लग्नही होतं, मुलगाही होतो. पण त्या आठवड्यात कॅलिफोर्नियात तसं लग्न कायद्यानं होऊ शकत नव्हतं. टीव्हीनं ते आधीच लावून टाकलं. मे महिन्यात कमी प्रेक्षकांमुळे एनबीसीनं मालिका बंद केली. २६ जूनला कोर्टाचा निकाल आला आणि कॅलिफोर्नियात समलिंगी विवाह पुन्हा सुरू झाले.

इथवर ही विजयाची गोष्ट आहे. आता गोल्डीकडे वळू.

पोट कुणाचं?

सरोगसी अमेरिकेत पहिल्यांदा घराघरांत पोचली ती विनोदातून नाही, एका कोर्टकज्जातून. न्यू जर्सीतलं ‘बेबी एम’ प्रकरण. १० हजार डॉलर्सच्या करारावर मेरी बेथ व्हाइटहेड या बाईनं स्टर्न दांपत्यासाठी मूल जन्माला घातलं. बीजांड तिचंच होतं. बाळ झाल्यावर तिला ते देववेना. फेब्रुवारी १९८८मध्ये न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयानं हा पैशांचा करार बेकायदा ठरवला. ताबा वडिलांकडे दिला, पण व्हाइटहेडचं आईपण मान्य केलं आणि तिला बाळाला भेटण्याचा हक्क दिला.

त्यानंतर तंत्र बदललं. बीजांड एकीचं, कूस दुसरीची, अशी विभागणी शक्य झाली. १९९३मध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की अशा प्रकरणात ज्यांनी मूल व्हावं असं ठरवलं आणि त्यासाठी हे सगळं जुळवून आणलं, ती आई खरी. नऊ महिने वाढवणारी नाही. कॅलिफोर्निया सरोगसीचं मोठं केंद्र झालं त्यामागे हा निकाल आहे. ब्रायन आणि डेव्हिड तिथेच राहतात, हा योगायोग नव्हे.

यात विनोदी मालिकांनी काय केलं? १९९८मध्ये ‘फ्रेंड्स’मधल्या फीबीनं आपल्या सावत्र भावासाठी तिळी वाढवली. लिसा कुड्रो खरोखर गरोदर होती, म्हणून लेखकांनी ही वाट काढली. सेहेचाळीस वर्षांपूर्वी लूसीसाठी काढली होती, तशीच. फीबी पैसे घेत नाही, भावासाठी करते, त्यामुळे बाजाराचा प्रश्नच येत नाही. तरी बाळंतपणाच्या भागात एक जागा आहे. फीबीला तिघांपैकी एक बाळ स्वतःकडे ठेवावंसं वाटतं. ते होणार नाही हे कळल्यावर ती त्यांचा निरोप घेते. सगळ्या विनोदाच्या मध्ये मिनिटभर ती बाई एकटी दिसते. पुढच्या आठवड्यापासून मालिका आपल्या वाटेनं निघून जाते.

‘द न्यू नॉर्मल’मध्ये पैसे आहेत. गोल्डीला ते हवेत, आणि तसं ती मोकळेपणानं सांगते. हा मालिकेचा प्रामाणिकपणा. पण लेखकाची नजर सतत बाळाची वाट बघणाऱ्यांकडे आहे. डोहाळे गोल्डीचे, धास्ती ब्रायनची. गोल्डीच्या शरीरात काय चाललंय यापेक्षा पाळणाघर कसं रंगवायचं, यावर जास्त जीव जडलेला. मालिकेनं ही अडचण प्रेमानं सोडवली. गोल्डी आणि शनाया ब्रायन-डेव्हिडच्या घरातल्याच होऊन जातात, सगळे मिळून एक मोठं कुटुंब. मालक आणि मजूर एकाच घरातले झाले, की मजुरीची बोलणी करणं वाईट दिसतं. आपल्याकडे घरकाम करणाऱ्या मावशींना ‘त्या आमच्या घरातल्याच आहेत’ म्हणणाऱ्यांना हे ओळखीचं वाटेल.

गंमत अशी, की मालिका चालू असतानाच, १ जानेवारी २०१३पासून, कॅलिफोर्नियात नवा कायदा लागू झाला. सरोगसीचा करार करताना मूल वाढवणारीला तिचा स्वतःचा, वेगळा वकील हवा, असं त्यात होतं. पाहुणचार कितीही असो, तिचं हित आणि त्यांचं हित एकच नसतं, हे कायद्याला दिसलं होतं. वकील व्हायचं स्वप्न बघणाऱ्या गोल्डीलाही ते दिसलं असतं, तर मालिका वेगळी झाली असती.

त्याच उन्हाळ्यात, दिल्लीत

सरोगसीवर मराठीत लिहिताना देवकीच्या पोटातून रोहिणीच्या पोटात गेलेल्या बलरामापासून सुरुवात करायची पद्धत आहे. आपण २०१२वरूनच जाऊ. त्याला कारण आहे.

केएसएलनं मालिका नाकारली त्याच्या महिनाभर आधी, ९ जुलै २०१२ला, भारताच्या गृह मंत्रालयानं एक परिपत्रक काढलं. सरोगसीसाठी येणाऱ्या परदेशी लोकांना वैद्यकीय व्हिसा हवा, आणि तो मिळेल फक्त स्त्री-पुरुष जोडप्याला, ज्यांच्या लग्नाला किमान दोन वर्षं झालीत. त्याआधी इस्रायल, ऑस्ट्रेलिया, अमेरिकेतली समलिंगी जोडपी मुंबई-दिल्लीतल्या केंद्रांमधून बाळं घेऊन जात होती. गुजरातमधलं आणंद तर जगभर माहीत झालं होतं. या परिपत्रकानं ब्रायन-डेव्हिडसारख्यांसाठी दार बंद झालं. बाकी परदेशी जोडप्यांसाठी ते नोव्हेंबर २०१५पर्यंत उघडं राहिलं.

दार बंद झालं म्हणून गरज संपली नाही आणि गरिबीही संपली नाही. धंदा काठमांडूला गेला. नेपाळमध्ये नेपाळी बायकांना सरोगेट होता येत नव्हतं, म्हणून भारतातून बायका तिकडे नेल्या गेल्या. २५ एप्रिल २०१५ला भूकंप झाला. इस्रायलनं विमानं पाठवून आपल्या नागरिकांची नवजात बाळं आणि त्यांचे पालक सुखरूप नेले. त्यांतले बरेच पालक समलिंगी पुरुष होते. बाळांना कवटाळून विमानातून उतरणाऱ्या बाबांचे फोटो जगभर छापून आले. ज्यांनी ती बाळं जन्माला घातली, त्या बायकांचं काय झालं, असा प्रश्न तेव्हा इस्रायलमध्येही विचारला गेला. पण त्यांचे फोटो आपल्याला आठवत नाहीत.

त्या बाबांचा आनंद खोटा नव्हता. आपापल्या देशांत त्यांना बाप होण्याच्या वाटा कमी होत्या. एका वंचित माणसाचा हक्क दुसऱ्या वंचित बाईच्या शरीरातून जात होता. यातला गुंता मान्य केल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

जी मराठीत आधीच सांगितली गेली होती

मराठीत गोल्डीच्या बाजूची गोष्ट ‘द न्यू नॉर्मल’च्या आधी आली होती. समृद्धी पोरे यांचा ‘मला आई व्हायचंय!’ हा चित्रपट २०११चा. त्याला सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. परदेशी बाई मूल हवं म्हणून भारतात येते, इथली एक गरीब बाई ते पोटात वाढवते, मग परदेशी बाई पाठ फिरवते. जन्माला आलेला गोरा पोर गावातच वाढतो, आणि एक दिवस ती त्याला न्यायला परत येते. याच कथेवर २०२१मध्ये लक्ष्मण उतेकरांनी हिंदीत ‘मिमी’ केला. क्रिती सनॉनमुळे तो तुमच्यापैकी अनेकांनी बघितला असेल.

या चित्रपटांतही दोष आहेत. अश्रू भरपूर आहेत, आणि आईपण म्हणजे त्याग हे समीकरण कुठे हलत नाही. पण कॅमेरा कुणाजवळ उभा आहे ते बघा. अमेरिकन मालिकेत तो बाळ घेऊन घरी जाणाऱ्यांबरोबर जातो. मराठी चित्रपटात तो बाळंतिणीजवळ थांबतो. एकीकडे समलिंगी जोडप्याला जागा मिळाली, पण बाई बाजूला राहिली. दुसरीकडे बाई मध्यभागी आली, पण कुटुंबाची कल्पना जुनीच राहिली. दोन्ही बाजू एकत्र बघणारी गोष्ट मला अजून हवी आहे.

आपल्या भाषेतही हा पेच आहे. वर्तमानपत्रांनी सरोगसीला ‘भाडोत्री मातृत्व’ म्हटलं. ‘भाडोत्री’ आपण कशाला लावतो? भाडोत्री गुंड, भाडोत्री गर्दी. पैसे घेतले की माणूस खोटा, हे त्या शब्दात बसलेलं आहे. डॉक्टर फी घेतात, वकील घेतात, सरोगसीत एजंटही घेतात. त्यांना कुणी भाडोत्री म्हणत नाही.

२०२१चा सरोगसी नियमन कायदा जानेवारी २०२२पासून लागू झाला, तो याच विचाराचा आहे. वैद्यकीय खर्च आणि विमा सोडून सरोगेट बाईला काहीही द्यायचं नाही. तिनं परोपकार म्हणून करायचं, आयुष्यात एकदाच. मूल मागू शकतात ती विवाहित जोडपी, आणि ३५ ते ४५ वयाच्या विधवा किंवा घटस्फोटित स्त्रिया. समलिंगी जोडपी नाहीत, एकटे पुरुष नाहीत, लग्नाशिवाय एकत्र राहणारे नाहीत. शोषण थांबवायचं हे कारण खरंच होतं. बायकांना महिनोन्‌महिने वसतिगृहांत ठेवलं जाई, मधले लोक पैसे खात. पण उत्तर असं निघालं, की दवाखान्यातल्या प्रत्येकाला मोबदला मिळेल, फक्त जिच्या पोटात बाळ वाढतं तिला नाही. आणि ऑक्टोबर २०२३मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयानं समलिंगी विवाहाला मान्यता नाकारली, त्यामुळे ब्रायन आणि डेव्हिडही दाराबाहेरच आहेत. सॉल्ट लेक सिटीत एका केंद्रानं नाकारलेलं घर दुसऱ्यानं दाखवलं. आपल्याकडे दुसरं केंद्र नाही.

‘द न्यू नॉर्मल’ मिळाली तर जरूर बघा. काही विनोद शिळे झालेत, आजी अजून ताजी आहे. शेवटच्या भागात लग्नाच्या गर्दीत सगळे बाळाभोवती जमतील, तेव्हा गोल्डी कुठे आहे तेवढं शोधा. तिला वकील व्हायचं होतं, हे लक्षात ठेवून.